विश्लेषण : ऋतू बदलला की भांडी बदलणारा जपानी चहाविधी नेमका काय? ‘माचा’च्या जागतिक मागणीत त्याचे काय होणार?

हिरवीगार ‘माचा लाते’ आता मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्येही मिळू लागली आहे. आइस्क्रीमपासून केकपर्यंत सगळीकडे ही भुकटी पोहोचली. मात्र ज्या विधीसाठी ती जपानमध्ये शतकानुशतके तयार होत आली, त्या चहाविधीच्या शिक्षकांना आणि कारागिरांना या लोकप्रियतेची झळ बसत आहे. २०२४च्या शरद ऋतूत क्योटोतील इप्पोदो आणि मारुक्यू कोयामाएन या जुन्या, नावाजलेल्या चहा पेढ्यांना माचाच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. एक वाडगाभर चहा पाजण्यासाठी चार तास खर्च करणारा हा विधी, त्याची भांडी आणि त्यामागचे ऋतूंचे गणित समजून घेतल्याशिवाय ही झळ नेमकी कुठे बसते ते कळत नाही.

चहाविधी म्हणजे नेमके काय?

जपानीत या विधीला ‘चानोयु’ म्हणतात. शब्दश: अर्थ ‘चहासाठी गरम पाणी’, इतका साधा. ‘सादो’ किंवा ‘चादो’ म्हणजे ‘चहाचा मार्ग’ हे दुसरे नाव. आपला ‘चहा’ आणि जपानी ‘चा’ हे दोन्ही शब्द मूळ चिनी शब्दावरूनच आलेले.

पर्यटकांना दाखवतात तो अर्ध्या-पाऊण तासाचा कार्यक्रम म्हणजे या विधीचे अगदी छोटे रूप. पूर्ण निमंत्रित चहाला ‘चाजी’ म्हणतात. त्यात मोजकेच पाहुणे असतात. बागेतून चालत येऊन, दगडी कुंडीतल्या पाण्याने हात-तोंड धुऊन ते खोलीत शिरतात. यजमान त्यांच्यादेखत निखाऱ्यांवर कोळसा रचतो, हलके जेवण देतो, गोड पदार्थ देतो. मग पाहुणे बाहेर जाऊन थोडे थांबतात. परत आल्यावर घट्ट चहा, ‘कोइचा’ होतो. तो एकाच वाडग्यातून सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचा. करोनाकाळात नेमका हाच भाग अडचणीचा ठरला. शेवटी पातळ, फेसाळ ‘उसुचा’ प्रत्येकाला वेगळा मिळतो. दूध नाही, साखर नाही. म्हणूनच गोड आधी खायचे. त्याची चव जिभेवर असताना कडवट चहा गोडसर लागतो.

पाहुणा वाडगा पिण्याआधी फिरवतो, ते बघणाऱ्यांना गूढ वाटते. कारण सरळ आहे. वाडग्याची सर्वात देखणी बाजू यजमान पाहुण्याकडे करून ठेवतो आणि त्या बाजूला ओठ लावायला नको म्हणून पाहुणा ती थोडी वळवतो.

या विधीला आजचे रूप कोणी दिले?

एइसाई या बौद्ध भिक्षूने ११९१मध्ये चीनहून परतताना चहाचे बी आणले, असे मानले जाते. तेव्हा चहा औषध होता आणि ध्यानाला बसलेल्या भिक्षूंची झोप उडवण्याचे साधनही. पुढे सरदारांच्या वाड्यांत चिनी भांड्यांचे प्रदर्शन मांडून चहापान होऊ लागले. पंधराव्या शतकात मुराता जुको आणि त्यांच्यानंतर ताकेनो जोओ यांनी या थाटाला कात्री लावली. त्यांच्या विचाराला टोकापर्यंत नेले ते साकाई या बंदरातील व्यापारी घराण्यात १५२२मध्ये जन्मलेल्या सेन नो रिक्यू यांनी.

क्योटोजवळ यामाझाकी येथे ‘ताइआन’ नावाची खोली आजही उभी आहे. रिक्यू यांनी बांधलेली म्हणून ओळखली जाणारी ही खोली दोन तातामी चटयांची, म्हणजे जेमतेम साडेतीन-चार चौरस मीटरची. अशा खोल्यांचे दार साधारण ६५ सेंटीमीटर उंचीचे असते. सरदार असो की सावकार, गुडघ्यांवर रांगतच आत यायचे. कमरेला तलवार लावून ते शक्य नसल्याने ती बाहेर ठेवावी लागे. ज्या काळात जपान यादवीने पोखरला होता आणि शेजारी बसलेला माणूस उद्या शत्रू ठरू शकत होता, त्या काळातली ही रचना आहे.

रिक्यू हे आधी ओदा नोबुनागा आणि नंतर टोयोटोमी हिदेयोशी या सत्ताधीशांचे चहागुरू होते. इथेच विसंगतीही दिसते. हिदेयोशीने सोन्याने मढवलेली, सुटी करून नेता येणारी चहाची खोली तयार करवली आणि १५८६मध्ये ती सम्राटासमोर मांडली. दुसऱ्या वर्षी क्योटोच्या कितानो देवस्थानात गरीब-श्रीमंत सगळ्यांना खुले निमंत्रण देऊन दहा दिवसांचा चहामेळा जाहीर केला आणि एका दिवसातच गुंडाळला. १५९१मध्ये त्याने रिक्यू यांना पोट चिरून मरण्याचा हुकूम दिला. दाइतोकुजी मंदिराच्या दरवाजाच्या माडीवर रिक्यू यांचा पुतळा बसवला गेला होता. म्हणजे खालून जाणारा हिदेयोशी त्यांच्या पायाखालून जाणार, हे एक कारण सांगितले गेले. भांड्यांच्या विक्रीत अवाजवी नफा कमावल्याचा आरोप हे दुसरे. खरे कारण कोणते, यावर अभ्यासकांचा वाद अजून सुरू आहे.

रिक्यू यांच्या वंशजांपासून उरासेन्के, ओमोतेसेन्के आणि मुशाकोजीसेन्के ही तीन घराणी झाली. आपल्या गायकीच्या घराण्यांसारखेच त्यांच्यात बारीकसारीक भेद आहेत. उरासेन्केचा पातळ चहा भरपूर फेसाचा, तर ओमोतेसेन्केचा कमी फेसाचा.

भांडी कोणती आणि कशासाठी?

मध्यभागी असतो तो ‘कामा’, बिडाचा, तोटी नसलेला हंडा. त्यात पाणी उकळू लागले की जो सूर निघतो त्याला ‘पाइनच्या झाडांतला वारा’ म्हणतात. तो उमटावा म्हणून काही हंड्यांच्या तळाशी आतून लोखंडाचे छोटे तुकडे बसवलेले असतात. पाणी काढायला लांब दांड्याची बांबूची पळी, गार पाण्याचे मातीचे भांडे, वाडगा विसळलेले पाणी टाकायचे वेगळे भांडे, हंड्याचे झाकण टेकवायला छोटी बैठक, वाडगा पुसायचे पांढरे तागाचे फडके आणि यजमानाच्या कमरेला खोचलेला रेशमी रुमाल. रुमालाने पुसतात ती भांडी आधीच स्वच्छ असतात. पाहुण्यासमोर पुन्हा पुसणे हा त्याचा मान.

चहाची भुकटी दोन प्रकारच्या डब्यांत असते. पातळ चहासाठी लाखकामाची ‘नात्सुमे’. नात्सुमे म्हणजे बोर. डबीचा आकार बोरासारखा म्हणून हे नाव. घट्ट चहासाठी मातीची इवलीशी बरणी, ‘चाइरे’. तिला हस्तिदंती झाकण आणि रेशमी कापडाची शिवलेली झबली. या झबल्यांच्या आणि भांडी गुंडाळण्याच्या कापडांत एक भारतीय धागाही सापडतो. परदेशी जहाजांतून जपानला पोहोचलेले आपल्याकडचे छापील सुती कापड तिथे ‘सारासा’ म्हणून ओळखले गेले आणि चहाप्रेमींनी त्याचे छोटे तुकडेसुद्धा जपून ठेवले.

चहा घुसळायचे ‘चासेन’ पाहिले की आपल्या ताकाच्या रवीची आठवण होते, पण काम त्याहून कितीतरी नाजूक. नारा प्रांतातील ताकायामा हे त्याचे गाव; सुमारे पाचशे वर्षांची परंपरा. तीनेक वर्षांचा बांबू तोडून, उकळून त्यातले तेल काढतात आणि थंडीत शेतांवर उभा करून वाळवतात. मग एकाच कांडाचे साधारण १६ भाग, प्रत्येक भागाचे पुन्हा दहा. अशा १६० काड्या, त्यांतली एकाआड एक आत आणि बाहेर. काड्यांची टोके कागदासारखी पातळ तासायची. सगळे हाताने, छोट्या सुरीने. जोड नाही, खिळा नाही, फक्त दोरा. ही विद्या पूर्वी घरातल्या एकाच वारसाला दिली जाई.

सर्वात साधी वस्तू म्हणजे ‘चाशाकु’, बांबूच्या पट्टीचे टोक वाकवून केलेला चमचा. तो बहुधा कारागीर नव्हे, चहागुरूच तासतात आणि त्याला नाव देतात. रिक्यू यांनी मृत्यूपूर्वी तासलेल्या शेवटच्या चमच्याचे नाव ‘नामिदा’, म्हणजे अश्रू. तो त्यांचे शिष्य फुरुता ओरिबे यांच्याकडे गेला. ओरिबे यांनी त्यासाठी खिडकी कापलेली नळी केली आणि गुरूची स्मृतिपाटी मानून ते त्याची पूजा करत. हा चमचा आज नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात आहे. पुढे १६१५मध्ये ओरिबे यांनाही सत्तेच्या हुकमाने तसेच मरण पत्करावे लागले.

ऋतू बदलला की नेमके काय बदलते?

जवळजवळ सगळेच, आणि हा विधीचा सर्वात रम्य भाग आहे.

वर्षाचे दोन मोठे भाग पडतात. मे ते ऑक्टोबर शेगडी, म्हणजे ‘फुरो’. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत बसवलेली चौकोनी चूल, ‘रो’. उन्हाळ्यात विस्तव पाहुण्यांपासून लांब, हिवाळ्यात त्यांच्या जवळ. चूल बदलली की हंड्याचा आकार, पळीची घडण, कोळशाचा आकार आणि यजमानाची बसण्याची दिशाही बदलते. विस्तवात टाकायचा सुगंधही निराळा. हिवाळ्याच्या चुलीत मळून केलेल्या गोळ्या, उन्हाळ्याच्या शेगडीत चंदनासारख्या लाकडाचे तुकडे. ऑक्टोबरचा मधला काळ तर खास. गारवा जाणवू लागतो, पण चूल अजून उघडलेली नसते; तेव्हा शेगडीच थोडी पाहुण्यांकडे सरकवतात.

नोव्हेंबरमध्ये चूल उघडते, ते चहावाल्यांचे नववर्ष. वसंतात खुडलेली पाने बरणीत सीलबंद ठेवलेली असतात. त्या वेळी बरणीचे तोंड फोडून पाने बाहेर काढतात आणि दगडी जात्यावर दळतात. सहा महिने मुरलेला चहा ताज्याहून चांगला, असा हा हिशेब. नव्या मोसमाची मिठाई मिळाली तितक्याच उत्सुकतेने या चहाची वाट पाहिली जाते.

वाडगेही हवामान बघून निवडतात. कडाक्याच्या थंडीत उंच, अरुंद वाडगा, म्हणजे चहा लवकर निवत नाही आणि हात शेकले जातात. उकाड्यात पसरट, उथळ वाडगा. ऐन उन्हाळ्यात गार पाण्याच्या भांड्याला झाकण म्हणून चक्क ताजे, पाणी शिंपडलेले रुंद पान ठेवतात. पान उचलायचे, दुमडायचे आणि टाकायचे. ही युक्ती उरासेन्केचे अकरावे प्रमुख गेन्गेन्साई यांची. १८७२च्या क्योटो प्रदर्शनासाठी परदेशी पाहुण्यांना टेबल-खुर्चीवर चहा देण्याची पद्धतही त्यांनीच बसवली. मांडी घालून बसता न येणाऱ्यांना तिचा आजही आधार आहे.

कोनाड्यात एक लिखित पट आणि एखाददुसरे फूल. हिवाळ्यात कॅमेलियाची कळी, जी चहाच्या झुडपाची बहीणच. उग्र वासाची फुले टाळतात. रिक्यू यांच्या बागेतल्या निळ्या वेलफुलांची ख्याती ऐकून हिदेयोशी सकाळी बघायला आला, तर बागेत एकही फूल नव्हते. सगळी खुडून टाकलेली आणि खोलीच्या कोनाड्यात फक्त एक. ही कथा जपानमध्ये प्रत्येक शिकाऊ विद्यार्थ्याला सांगितली जाते. ती इतिहासापेक्षा आख्यायिका असण्याची शक्यता जास्त, तरी कमी मांडण्याचा मुद्दा तीत नेमका येतो.

पट, फूल, वाडगा, चमच्याचे नाव आणि मिठाईचा आकार, या सगळ्यांतून यजमान त्या दिवसाविषयी काहीतरी सुचवत असतो. मात्र सुचवायचे तेच पुन्हा पुन्हा नाही. मिठाई वसंतातल्या साकुराची असेल, तर वाडग्यावर पुन्हा साकुरा रंगवलेला नको, असे जाणकार मानतात. पाहुण्याने ते ओळखावे, ही अपेक्षा. आजची नेमकी ही माणसे, हा ऋतू आणि ही भांडी पुन्हा एकत्र येणार नाहीत, या जाणिवेला ‘इचिगो इचिए’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इइ नाओसुके यांनी ती चहाच्या संदर्भात मांडली. ते राज्याचे सर्वोच्च प्रशासक होते आणि १८६०मध्ये एदो किल्ल्याच्या दाराशी त्यांची हत्या झाली.

एका मातीच्या बरणीची किंमत किल्ल्याइतकी?

साधेपणाच्या या विधीतली साधी भांडी कधीच स्वस्त नव्हती. हा आक्षेप आजचा नाही. आलेस्सांद्रो व्हालिन्यानो हा जेझुइट धर्माधिकारी गोव्याहून १५७९मध्ये जपानला पोहोचला. त्याला एका सरदाराने मातीची छोटी चहाची बरणी दाखवली, जी नऊ हजार चांदीच्या ताएल देऊन घेतलेली होती. आपल्याकडे हिचा उपयोग पिंजऱ्यातल्या पक्ष्याला पाणी ठेवण्यापलीकडे होणार नाही, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले. तरीही हा माणूस व्यवहारी. जपानमधल्या जेझुइट मठांत पाहुण्यांच्या स्वागतासाठी चहाची सोय असलीच पाहिजे, असा दंडक त्याने घातला.

नोबुनागाने तर भांडी हे राजकारणाचे साधन केले. पराक्रमाचे बक्षीस म्हणून जमिनीऐवजी वाडगा किंवा बरणी द्यायची. मात्सुनागा हिसाहिदे या सरदाराने १५६८मध्ये ‘त्सुकुमो नासु’ ही वांग्याच्या आकाराची बरणी नोबुनागाला देऊन आपली मान सोडवली. पण ‘हिरागुमो’ हा हंडा मात्र त्याने दिला नाही. १५७७मध्ये किल्ला पडताना त्याने तो हंडाही आपल्यासोबत नष्ट केला, अशी कथा आहे. बरणीचे नशीब वेगळे. १६१५च्या ओसाका वेढ्यात तिचे तुकडे झाले. राखेतून ते वेचून लाखेने इतके बेमालूम जोडले गेले की खरा प्रकार क्ष-किरण तपासणीत उघड झाला. ती आज टोकियोच्या सेइकादो संग्रहालयात आहे.

एक कडू प्रकरण मात्र चहाच्या पुस्तिकांमध्ये थोडक्यात आटोपले जाते. जपानी चहागुरूंना कोरियातल्या अनाम कुंभारांचे ओबडधोबड वाडगे अतिशय आवडत. त्यांतला ‘किझाएमोन’ नावाचा वाडगा क्योटोत राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेला आहे. १५९२ ते १५९८ या काळात हिदेयोशीने कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतताना सरदारांनी तिथले कुंभार पकडून आणले. हागी, सात्सुमा, आरिता ही जपानी कुंभारकामाची मानाची नावे त्यांच्याच हातून घडली. त्यामुळे या लढायांना ‘कुंभारांचे युद्ध’ असेही म्हटले जाते. कागोशिमातील शिम घराणे पंधराव्या पिढीतही आपले कोरियन आडनाव लावते.

मग माचाच्या लोकप्रियतेने अडचण काय झाली?

जपानच्या कृषी मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार माचासाठी लागणाऱ्या ‘तेन्चा’ पानांचे उत्पादन २०१०मध्ये १,४७१ टन होते. २०२३मध्ये ते ४,१७६ टनांवर गेले, म्हणजे जवळपास तिप्पट. तरी पुरत नाही. या पानांसाठी खुडणीआधी तीन-चार आठवडे झुडपांवर सावली करावी लागते. दगडी जाते तासाला साधारण ४० ग्रॅमच दळते. नवे झुडूप लावले तर पीक यायला पाचेक वर्षे. त्यात २०२४च्या उन्हाने क्योटो परिसरातील मळ्यांना तडाखा दिला. २०२५च्या वसंतात क्योटोच्या लिलावात तेन्चाचा सरासरी भाव किलोला आठ हजार येनच्या वर गेला. आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १७० टक्के जास्त.

शेतकऱ्यांसाठी ही सुवार्ता आहे, कारण रोजच्या हिरव्या चहाला देशातच गिऱ्हाईक कमी होत होते. बरेच जण आता तेन्चाकडे वळत आहेत. उलट, घरी पाच-दहा विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या शिक्षिकेला प्रत्येक धड्याला वाडग्यामागे दोन ग्रॅम, घट्ट चहाला जवळपास चार ग्रॅम उत्तम माचा लागतो. त्याची फोड ती शुल्कातच करणार. शिकणाऱ्यांची संख्या आधीच घटती आहे. एकेकाळी पुरुषांचा, सरदार-सावकारांचा हा प्रांत मेइजी काळानंतर मुलींच्या शाळांत शिरला आणि आज तो प्रामुख्याने महिलांनीच टिकवला आहे. तरी त्यांचे सरासरी वयही वाढते आहे. लातेमध्ये दूध-साखरेखाली दबून जाणारी चव आणि निव्वळ गरम पाण्यात उघडी पडणारी चव यांना एकच दर्जा लागत नाही. पण टंचाईत दोघांचे गिऱ्हाईक एकाच दुकानासमोर उभे राहते.

भांड्यांचे दुखणे वेगळे. क्योटोत ‘सेन्के जिश्शोकु’ ही दहा घराणी पिढ्यानपिढ्या सेन घराण्यांसाठी हंडे, लाखकाम, बांबूकाम, झबली, वाडगे बनवतात. राकु घराण्यातील सोळाव्या पिढीने २०१९मध्ये सूत्रे हाती घेतली. चाकाशिवाय, हाताने घडवलेले काळे-तांबडे राकु वाडगे त्यांच्या मूळ पुरुषाने, चोजिरो यांनी, रिक्यू यांच्यासाठी केले होते. अशा मोठ्या नावांना मागणी आहे. ताकायामाच्या रवी करणाऱ्यांना मात्र परदेशात होणाऱ्या स्वस्त चासेनशी स्पर्धा करावी लागते. जगभर माचा घुसळण्याची हौस वाढली, पण तिच्यातला मोठा वाटा त्या स्वस्त चासेनकडे आणि विजेवर चालणाऱ्या घुसळण्यांकडे जातो.

ऑगस्ट २०२५मध्ये उरासेन्केचे पंधरावे प्रमुख राहिलेले सेन गेन्शित्सु यांचे १०२व्या वर्षी निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात आत्मघाती हल्ल्यांच्या पथकात त्यांची निवड झाली होती. तळावर ते सोबत्यांना चहा करून देत. ते वाचले, त्यांतले अनेक सोबती परतले नाहीत. पुढे त्यांनी हा विधी जगभर नेला आणि भाषणांत ‘एका वाडग्यातून शांती’ हे सूत्र मांडत राहिले.

चासेनचे आयुष्य मात्र लहान. रोज वापरले तर काही महिन्यांत काड्या मोडतात. ते कचऱ्यात टाकत नाहीत. जुने चासेन गोळा करून काही मंदिरांत मंत्रोच्चारात त्यांचे दहन करतात आणि शिक्षक नवे चासेन मागवतात. ते बनवायला ताकायामात अजून काही घरे उरली आहेत. हिवाळ्यात त्यांच्या शेतांवर बांबू वाळत उभा असतो.